दापोडीच्या शाळेतलं पिवळं औषध

चंद्रपूरला परतल्यावर जो भेटेल तो विचारत होता, "पुण्याला गेल्या होत्या म्हणे, काय काय पाहिलं?" शनिवारवाडा पाहिला नाही, पर्वती चढले नाही, सारसबागेतल्या गणपतीचं दर्शनही राहिलं. पुणे शहर मी पाहिलं ते एका सरकारी इस्पितळाच्या व्हरांड्यातून. बाकी सगळे दिवस गेले ते शहराच्या बाहेर, मुंबई रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या कारखान्यांच्या मुलखात. तिकडे कुणी हौसेने फिरायला जात नाही. म्हणूनच जे पाहिलं ते लिहून ठेवते आहे.

चिंचवड

कुसुम आणि मी मुंबईला दातांच्या कॉलेजात एकत्र शिकलो, एका खोलीत राहिलो. ती लग्न होऊन चिंचवडला आली. नवरा एका कारखान्यात इंजिनिअर, आणि घराच्या पुढच्या खोलीत तिचा दवाखाना. तिचा दीर जर्मनीहून येताना तिच्यासाठी एका औषधाच्या ट्यूबा घेऊन आला होता. फ्लोराइडचं व्हार्निश. दात कोरडा करायचा, ब्रशने त्यावर पातळ थर द्यायचा, लाळ लागली की तो घट्ट बसतो. ज्या दाताला अजून कीड लागलेली नाही त्याला लागू नये म्हणून हे औषध. लागलेली कीड ते बरी करत नाही. हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्यांदा बोलले की शेवटी माझं मलाच ते ऐकू येईनासं झालं.

"शाळांतल्या पोरांना हे लावायचंय, माझ्या एकटीच्याने होणार नाही," कुसुमने कळवलं, "दवाखाना आठ दिवस बंद ठेव आणि ये." मी गेले.

फ्लोराइडशी माझी ओळख जुनी, पण दुसऱ्या बाजूची. माझं माहेर राजुऱ्याकडचं. आमच्या विहिरींच्या पाण्यातच ते इतकं आहे की लहानपणापासून ते पाणी पिणाऱ्यांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात आणि उतारवयात कंबर ताठून बसते. माझ्या काकांना शेवटी मान वळवता येत नव्हती; कुणी हाक मारली तर ते अख्खे वळायचे. माझ्याही पुढच्या दातांवर डाग आहेत. दातांची डॉक्टर आणि दात असे, हे पेशंटच्या डोळ्यांत पहिल्यांदा दिसतंच. पण आमच्याकडे किडके दात मात्र फार कमी. कुसुमकडे पहिल्याच दिवशी आलेल्या पोरांची तोंडं उघडली आणि मी दचकले. सहा-सात वर्षांची मुलं आणि दाढांच्या जागी काळे खुंट.

"पगार आला ना शैले," कुसुम म्हणाली, "गावाकडे भाकरी आणि कोरड्यास खाणारी माणसं. इथे पोरगं रडलं की हातावर लिमलेटची गोळी. सकाळी चहापाव, दुपारी चहाबिस्किट. आई कामाला जाताना शेजारणीकडे पोर ठेवते, तीही गोळीच देते."

संध्याकाळी तिने मला पिंपरी कॅम्पात नेलं. फाळणीनंतर तिकडे सिंधी लोक वसले, त्यांची दुकानं. एका गाडीवर आम्ही दालपकवान खाल्लं. मोठ्ठी कडक पुरी आणि त्यावर चण्याची डाळ, वर चिंचेचं पाणी. आमच्याकडच्या झणझणीत वरणाची सवय असलेल्या जिभेला ते गोडूस लागलं, पण दुसरी प्लेट मीच मागितली. परतताना भोंगा झाला आणि रस्ता सायकलींनी भरून गेला. खाकी कपड्यातली शेकडो माणसं, हँडलला डबा, कुणी कुणाशी बोलत नाही. रस्त्याच्या एका बाजूला पेनिसिलीनच्या कारखान्याचा आंबूस वास आणि दुसऱ्या बाजूला ज्वारीचं उभं पीक. कुसुमच्या गच्चीवरून वाकड-ताथवड्याकडे नुसती शेतंच दिसत होती.

दापोडी

दापोडीची शाळा रेल्वेरुळाला खेटून आहे. गाडी आली की गुरुजी बोलायचं थांबतात, पोरं पुस्तकावर हात ठेवतात आणि गाडी गेली की वाक्य जिथे तुटलं तिथून पुढे चालू. हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं की त्यांना त्यात काही वाटत नाही. मी मात्र प्रत्येक गाडीला ब्रश वर धरून थांबत होते.

मुख्याध्यापक गुरुजी सज्जन माणूस. त्यांनी खिडकीजवळ दोन बाकं लावून दिली, पाण्याची बादली ठेवली. पोरं रांगेत. कुसुम दात पुसून कापसाचे बोळे लावायची, मी थर द्यायचे. औषध पिवळं, चिकट, वासाला राळेसारखं. घरात नवीन कपाटाला पॉलिश केल्यावर येतो तसा वास. लावलं की दात पिवळे दिसतात. दुसऱ्या दिवशी घासले की रंग जातो. आम्ही प्रत्येकाला सांगत होतो, आज कडक काही खायचं नाही, दात उद्या सकाळी घासायचे. पोरांना रंगाचीच मजा वाटली. बाहेर जाऊन एकमेकांना दात दाखवत ओरडत होती.

त्या रांगेत मंदा होती. सात वर्षांची असेल. दोन वेण्या, लाल रिबिनी, डावा गाल जबड्यापाशी सुजलेला. समोर आली आणि आधी माझंच तोंड निरखून विचारलं, "बाई, तुमच्या दाताला काय झालंय?"

"आमच्या गावच्या पाण्याने झालंय."

"दुखतं?"

"नाही. तुझं दुखतं का?"

तिने मान हलवली, नाही म्हणून. कुसुमने तोंड उघडायला लावलं. खालची दाढ पार पोखरलेली, हिरडीला फोड, आणि बोट लावताच तिने कुसुमचा हात घट्ट धरला. अंगात ताप होता.

या दाताला व्हार्निशचा उपयोग नव्हता. दाढ काढायला हवी होती आणि त्याआधी औषध सुरू करायला हवं होतं. कुसुमने गोळ्यांची पुडी दिली, कशा घ्यायच्या ते दोनदा सांगितलं आणि आईवडिलांना उद्या घेऊन ये म्हणाली.

"आन् पिवळं?" मंदाने विचारलं.

"ते तुला नंतर. आधी ही दाढ बरी करू."

तिचं तोंड एवढंसं झालं. बाजूला उभी राहून ती बाकीच्या पोरींना लावताना बघत राहिली. नंतर शाळेच्या फाटकापाशी तिला रडताना पाहिलं, एक मैत्रीण तिची समजूत घालत होती. मी जाऊन तिच्या डोक्यावर हात फिरवला. तिने तो झटकला.

शाळेसमोरची गर्दी

दुसऱ्या दिवशी आम्ही बसमधून उतरलो तेव्हा फाटकात तीसचाळीस बाया उभ्या होत्या. काहींच्या कडेवर पोरं. एकीच्या हातात मिश्रीची डबी तशीच; तोंडातली मिश्री थुंकून ती पुढे आली. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड आमच्याकडे नाही, इकडे बाया सकाळी तिनेच दात घासतात आणि हळूहळू तिच्यावाचून त्यांचं डोकं उठतं.

"काय लावलं पोरांच्या दाताला?" तिने विचारलं. "रातभर पिवळं व्हतं. माज्या पोरानं उलटी केली."

"सकाळी गेलं ना पिवळं?" कुसुम म्हणाली.

"पिवळं गेलं. आत काय गेलं त्ये कुनाला म्हाईत?"

मागून कुणीतरी म्हणालं, "नसबंदीचं औषध हाय. मोठ्यांची झाली, आता पोरांची."

हे ऐकून मला हसू आलं असतं. आलं नाही, कारण कुणीच हसत नव्हतं. आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते. पांढरे कोट, शाळेतलं शिबिर, रांग, हे सगळं त्या बायांनी आधी एकदा पाहिलेलं होतं.

कुसुमने समजावलं. गुरुजींनी समजावलं. मग त्या मिश्रीवाल्या बाईने माझ्याकडे बोट केलं. "हिचेच दात बघा की. हिला बी त्येच लावलं आसंल."

कुसुम झटकन म्हणाली, "त्याचा काही संबंध नाही." पण मला ते पटलं नाही. मी सांगायला लागले की माझे डाग फ्लोराइडचेच आहेत, पण आमच्या पाण्यात ते फार आहे, आणि जन्मापासून वर्षानुवर्षं पोटात गेलं म्हणून झाले; इथे आम्ही दातावर वरून थोडंसं लावतो, ते वेगळं. गाडी आली. माझं अर्धं बोलणं त्या आवाजात गेलं. गाडी गेल्यावर जे उरलं ते एवढंच, की हो, त्याच औषधाने या बाईचे दात असे झाले.

बाया आपापली पोरं घेऊन निघून गेल्या. वर्गात गुरुजी, आम्ही दोघी आणि भिंतीवरचा नकाशा.

मंदा शाळेत आलीच नव्हती.

नामदेवचं घर

तिच्या मैत्रिणीने घर दाखवलं. रुळापलीकडे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग, मध्ये उघडं गटार, आणि प्रत्येक दारात घासून लख्ख केलेल्या भांड्यांची उतरंड. मंदाचा बाप नामदेव भोसरीच्या एका फाउंड्रीत भट्टीवर होता. रात्रपाळी करून आलेला, दोन्ही हातांवर भाजल्याच्या जुन्या खुणा. आम्हाला पाहून तो उठून उभा राहिला, बायकोला चहा टाकायला सांगितलं. बायको इंदू. मंदा आत गोधडीवर पडून होती. सूज कालपेक्षा वाढली होती आणि गाल लालसर दिसत होता.

"गोळ्या दिल्या का तिला?" कुसुमने विचारलं.

"न्हाई," नामदेव म्हणाला. "चुलीत टाकल्या."

इंदूने मान खाली घातली.

"अहो, पण का?"

तो शांतपणे बोलला, आवाज चढवला नाही. "बाई, राग मानू नका. त्या टायमाला आमाला बी गोळ्या दिल्या व्हत्या. आमच्या मालकाला माणसं द्यायची व्हती. जो नसबंदी करून घील त्याला पर्मनंट करनार म्हनले. गाडीत घालून नेलं. शाळाच व्हती ती बी, अशीच. पांढरा कोट घातलेला सायब म्हनला, काय न्हाई, मुंगी चावल्यावानी हाय. तवा मला दोन पोरं व्हती, ही आन् हिचा धाकला भाऊ. मी म्हनलं, दोन हायेत, बास की."

इंदू चहा गाळत होती ती थांबली.

"पुढच्या पावसाळ्यात धाकला गेला. कावीळ. पर्मनंट केलं मला, ते खोटं न्हाई. पर आता ही एकच हाय. हिच्या अंगाला मी कुनाला हात लावू देनार न्हाई."

चहा आला. बशीत ओतून त्याने तो पुढे केला आणि आम्ही प्यालो. कुसुमने आणि मी दोघींनी, एकीमागून एक, हात जोडण्यापर्यंत सगळं करून पाहिलं. दातातला पू आत उतरतो, गळ्यापर्यंत जातो, श्वास कोंडतो, हे सांगितलं. मी म्हटलं, "तुम्ही सोबत उभे राहा. तुमच्यासमोर करू."

"मी त्या टायमाला बी सोबतच व्हतो की," तो म्हणाला.

निघताना मंदाने आतून विचारलं, "बाई, पिवळं आणलंय का?"

चाकणकडे

दोन दिवस आम्ही चिंचवडच्या एका शाळेत काम केलं. तिथे दापोडीची वार्ता पोचलेली नव्हती, की पोचून कुणी मानली नव्हती, कोण जाणे. पोरं रांगेत आली, पिवळे दात दाखवत गेली. मी लावत होते, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी इंदू धावत कुसुमच्या दवाखान्यात आली. नामदेवने कामावर खाडा करून मंदाला गावाकडे, चाकणच्या पुढे, त्याच्या थोरल्या भावाकडे नेलं होतं. तिकडे दातातली कीड काढणारी एक बाई आहे म्हणे. इंदूला त्याने मागे ठेवलं होतं.

"मला लई भ्या वाटतंय, बाई," ती म्हणाली. "तिला काल पानी गिळंना."

कुसुमच्या दवाखान्यात पेशंट बसलेले. मी इंदूला घेऊन निघाले.

बस भोसरीला बराच वेळ अडून राहिली, मोशीजवळ एकदा बंद पडली आणि सगळ्यांनी उतरून ढकलली. इंद्रायणीचं पात्र रुंद, पाणी थोडं, कडेला धुण्याचे दगड. पुढे कारखाने संपतात आणि नुसता कांदा लागतो. चाकणच्या बाजारात कांद्याचे ढीग माणसापेक्षा उंच, बैलगाड्या, हमालांची आरडाओरड, डोळ्यांना झोंबणारी हवा. आमच्याकडे कापसाच्या बाजारात असाच गलका असतो, पण तिथे सगळं पांढरं आणि मऊ दिसतं. इंदूने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी एका टपरीवर तिला भजी घेऊन दिली, तिने ती पदरात बांधली. "मंदीला आवडत्यात," म्हणाली. तिला गिळता येत नाही हे तिनेच मला सांगितलं होतं.

गाव भामा नदीच्या अंगाला. पायवाटेने गेलो. थोरल्या भावाचं घर मातीचं, अंगणात हुलग्याच्या शेंगोळ्या शिजत होत्या; लसणाच्या फोडणीचा वास फाटकापर्यंत येत होता. अंगणातच नामदेव उकिडवा बसला होता. मला पाहून तो उठला नाही.

मंदा ओसरीवर भिंतीला टेकून बसवलेली. निजवली की तिला श्वास घेता येत नव्हता. सूज आता दोन्ही बाजूंना, हनुवटीखाली, गळ्यापर्यंत उतरलेली, दगडासारखी टणक. तोंड अर्धवट उघडं, जीभ वर ढकललेली, लाळ गळत होती. गालावर बिब्ब्याचा डाग दिलेला. कीड काढणाऱ्या बाईने रिंगणीच्या बियांची धुरी देऊन एका भांड्यातल्या पाण्यात अळ्या पडलेल्या दाखवल्या होत्या. भावाने ते भांडं मला आणून दाखवलं. "निघाली बघा कीड," तो म्हणाला. "आता उतार पडंल." मी त्यात पाहिलं. धुरात फुटलेल्या बियांचे पांढरे कोंब होते.

मी ते त्याला सांगितलं नाही. नामदेवपुढे जाऊन बसले.

"नामदेवराव, आता मी दात काढा म्हणत नाही. मी या पोरीला हातही लावत नाही. फक्त पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात चला. आत्ता. उद्या नाही."

तो मंदाकडे बघत होता. इंदू तिच्याजवळ बसून पदराने लाळ टिपत होती. मग इंदू बोलली. तिचा आवाज मी तोवर असा ऐकला नव्हता. "एकदा तुमी कुनाचं तरी आयकलं आन् आपलं नुकसान झालं. म्हनून आता कुनाचंच आयकनार न्हाई का? माजी पोर मरती हितं."

नामदेव उठला, मंदाला उचललं आणि चालायला लागला. चप्पल घालायचं त्याला भान नव्हतं.

कांद्याचा ट्रक

बसची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. चाकणच्या बाजारातून कांदा भरलेला एक ट्रक पुण्याकडे निघत होता. ड्रायव्हरने मंदाकडे एकदा पाहिलं, क्लीनरला मागे पोत्यांवर जायला सांगितलं आणि आम्हाला पुढे घेतलं. मंदाला मी माझ्या गुडघ्यांमध्ये ताठ बसवलं, डोकं पुढे झुकवून, म्हणजे लाळ बाहेर पडेल आणि श्वासाला वाट मिळेल. त्याहून अधिक करायला माझ्याकडे काहीच नव्हतं. प्रत्येक श्वासाला शीळ घातल्यासारखा आवाज येत होता. तो आवाज ऐकत राहायचं आणि थांबला तर काय, याचा विचार करायचा नाही.

भोसरीला नेमकी शिफ्ट सुटली होती. रस्ताभर सायकली. ट्रक मुंगीच्या पावलाने चालू लागला, मग थांबलाच. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. कुणी वळून बघेना. त्या रस्त्यावर हॉर्न रोजचेच. नामदेव दार उघडून खाली उडी मारून ट्रकच्या पुढे धावत गेला, अनवाणी, दोन्ही हात पसरून. "बाजूला व्हा राव! माजी पोर हाय! सोडा रे, भावांनो, सोडा!" काहींनी त्याला ओळखलं असावं. सायकली कडेला जाऊ लागल्या. पुढचा सगळा गर्दीचा रस्ता तो तसाच ट्रकपुढे धावला. फाट्याशी आल्यावर वर चढला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं.

दापोडी आली. रूळ दिसले, शाळेचं छप्पर दिसलं. मंदाने माझा हात धरला होता, तो जरा दाबला. तिला काही म्हणायचं होतं की नुसतीच कळ होती, मला समजलं नाही.

पुणे

इस्पितळात तिला लगेच आत घेतलं. तिथल्या डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं, मी तिथे होते. गळ्याखाली छेद देऊन पू काढला, श्वासासाठी नळी घातली, सलाईन लावलं, पेनिसिलीन दिलं. पण विष रक्तात उतरलेलं होतं. सकाळी, व्हरांड्यात झाडूवाला पाणी मारत असताना, आतून नर्स आली आणि तिने नामदेवला नाही, इंदूलाही नाही, मला बाजूला बोलावलं.

मला त्या दोघांकडे चालत जावं लागलं. व्हरांडा लांब होता. इंदूने मला येताना पाहिलं आणि मी बोलायच्या आधीच पदर तोंडात कोंबला. नामदेव म्हणाला, "गेली?" मी हो म्हटलं. त्याने भिंतीला हात लावला आणि तसाच उभा राहिला. मग पदराच्या गाठीतली भजी इंदूने सोडवली आणि कठड्यावर कावळ्यांसाठी ठेवली.

कुसुम आली. पुढचं सगळं तिने निभावलं.

पुन्हा दापोडी

माझं परत निघणं एका दिवसावर आलं होतं. गुरुजींचा निरोप आला, की वस्तीत बोललं जातं आहे, पिवळ्या औषधाने पोरगी मेली. काही लोक शाळेत जमणार आहेत, तुम्ही येऊ नका. कुसुम म्हणाली, "गेलो नाही तर तेच खरं ठरेल." आम्ही गेलो.

फाटकात या वेळी पुरुषही होते. एकाने कुसुमची पिशवी ओढली, ट्यूबा खाली पडल्या. कुणीतरी त्यावर पाय दिला, पिवळा चिकट रस मातीत पसरला. "पोरीला मारलं तुमी," एक बाई ओरडली आणि तिच्या मागे सगळेच ओरडायला लागले. गुरुजी मध्ये पडले, त्यांना ढकलून दिलं. मी भ्याले होते, हे लपवून काय करू. कुसुमचा दंड मी धरून ठेवला होता.

गर्दी एकदम गप्प झाली आणि बाजूला सरली. नामदेव येत होता. डोकं भादरलेलं, अंगात तोच खाकी सदरा. त्याच्यासाठी वाट करून देणाऱ्यांना वाटलं असेल, आता हा पहिला हात उचलेल. मलाही तेच वाटलं.

तो मातीत सांडलेल्या त्या पिवळ्या रसाजवळ थांबला.

"माज्या पोरीला हे लावलंच न्हाई," तो म्हणाला. आवाज बसलेला होता, पुढे सरकल्याशिवाय मागच्यांना ऐकू जाईना. "सगळ्यांना लावलं, तिला न्हाई लावलं. त्यासाठी ती रडत आली घरी. मला का न्हाई लावलं म्हनून जेवली न्हाई. तिची दाढ आधीच सडली व्हती. ह्यांनी गोळ्या दिल्या, त्या मी चुलीत टाकल्या. ह्या बाया घरी आल्या, मी परत लावल्या. आता कुनाला काय बोलायचं आसंल तर मला बोला."

गाडी आली, गेली. ती मिश्रीवाली बाई डोळे पुसत होती. हळूहळू माणसं पांगली. काही बाया मात्र तिथेच रेंगाळल्या, एकमेकींकडे बघत, आणि मग त्या मिश्रीवालीनेच आपल्या दुसऱ्या पोराला हाताला धरून वर्गात आणलं. तिच्यामागून आणखी चारपाच जणी. बस, तेवढ्याच.

आमच्या दोन ट्यूबा शाबूत होत्या. आम्ही बाकं खिडकीशी ओढली. मी त्या पोरांच्या दातांवर थर देत होते आणि नामदेव दाराच्या चौकटीला टेकून सगळं बघत होता. प्रत्येक पोराच्या तोंडात माझा ब्रश जाताना तो पाहत होता. शेवटचं पोर उठलं, कुसुम बादलीत हात धुवायला लागली, तरी तो गेला नाही.

मी बाहेर आले तसा तो माझ्याबरोबर फाटकापर्यंत चालत आला. त्याची दुसरी पाळी होती, हातात डबा होता. काही वेळ तो डब्याच्या कडीशी चाळा करत राहिला.

"बाई, एक इचारू?"

"विचारा ना."

"ते माजं केलेलं हाय ना ऑपरेशन." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "ते पुन्हा जोडता येतं का?"

मी दातांची डॉक्टर. त्याला ते माहीत होतं. त्याच्या आयुष्यात जे डॉक्टर आले त्यांतला विचारावं असा दुसरा कुणी त्याला आठवला नसावा. मी त्याला मला ठाऊक होतं तेवढं खरं सांगितलं. जोडता येतं, पुण्यात करणारे आहेत, पण जोडलं तरी मूल होईलच असं कुणी सांगू शकत नाही. बहुतेकदा होत नाही.

"व्हय," तो म्हणाला. "बरं."

भोसरीकडे जाणारी बस आली. ती थांबायच्या आतच त्याने दांडा पकडला आणि वर चढला.